पडद्याअलीकडची कात्री

कात्रीला हात लावायचा तर आधी हातमोजे घाला म्हणे — कात्री हिच्या, म्हणजे सासूच्या, माहेरची, आणि हुकूम सुनेचा. शहराच्या इतिहास मंडळाची चिटणीस झाल्यापासून सून घरातही अशीच बोलते, हळू आणि ठाम, जणू सासू म्हणजेही काचेत ठेवायची जुनी वस्तू. सुनेने स्वतः पांढरे मोजे चढवले होते. दुसरा जोड टेबलावर तसाच पडून राहिला. हिने उघड्या हातानेच कात्री उचलली… गार, जड. शेजारी उद्याच्या प्रदर्शनाची पाटी. हिने एकेक अक्षर लावत वाचली — शहरातल्या नामांकित शिंप्याची कात्री. हिनेच तर सांगितलं होतं तसं, मान ताठ करून.

"आई, एक विचारू? काल मी कागद कापून पाहिला. उजव्या हातात ही चालतच नाही, कागद नुसता दुमडतो. तुमचे वडील डावरे होते का?"

"नसत्या चौकशा करायला बरा वेळ मिळतो तुम्हा मंडळवाल्यांना."

पण खिडकीतलं ऊन सरकत पात्यावर आलं होतं, थरथरत होतं, आणि ती… मी पुन्हा त्या टेबलाखाली, सहा वर्षांची. पडद्यापलीकडे दुकानात वडील मापं घेताहेत, खणखणीत आवाजात आकडे सांगताहेत — छाती चाळीस, बाही तेवीस — आणि पडद्याअलीकडे माझी आई खडूची रेघ ओढते, डाव्या हाताने, मग कात्री कापडातून चालू लागते, खर्र… खर्र… आणि चिंध्या माझ्या डोक्यावर हळूहळू उतरतात, निळ्या, करड्या, पुन्हा निळ्या. वडील पडदा सारून ओठांवर बोट ठेवतात. बाहेर बोलायचं नाही.

नाही बोलली ती. नवऱ्याशी नाही, मुलाशी नाही. साठ वर्षं वडिलांचं नाव मिरवलं… आणि आईचा साधा फोटोही कुठे नाही. ही अंगठ्याशी झिजलेली कडी, एवढीच काय ती आई.

तिने डावा अंगठा कडीत घातला. अलगद बसला.

"पाटी अशीच राहू दे का?" सुनेने विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं."

ओठांवरचं ते बोट अजून तिथेच होतं, फक्त आता कापडाच्या धुरळ्यासारखं हलकं, फुंकरीने उडेल असं…

"तू आगाऊ आहेस," ती म्हणाली, "अगदी पहिल्या दिवसापासून. पण इतक्या वर्षांत या कात्रीने कापून बघावंसं वाटलं ते तुला एकटीला. बस इथे. आणि आधी ते मोजे काढ."