मुशीच्या पिंपातले सेल

पिंपाचं झाकण उघडलं आणि हा वास कसला, ते दमयंतीला कळेचना. माशाचा वास तिला कुणी शिकवायला नको. माहेर दांड्याचं, सासर मुरब्याचं, दोन्ही दर्याकाठची मासेमारीची गावं. ओला, सुका, खारवलेला, नासलेला, सगळे मासे ती डोळे मिटून वासावर ओळखायची. पण हा वास गोड होता. नखं रंगवायची बाटली कुणी मिठातल्या मुशीवर उपडी करावी, तसा गोड. पाण्यावर नारिंगी-तपकिरी फेस धरला होता आणि फेसात निळ्या प्लॅस्टिकची सालं तरंगत होती.

तिने काठी घातली. काठीला काहीतरी जड अडकलं आणि वर आली ती टेपने आवळलेली सेलांची मोळी. अंगठ्याएवढे सेल, एकमेकांना पत्र्याच्या पट्टीने जोडलेले. त्यांची टोकं गंजून फुटली होती आणि आतून काळपट काहीतरी पाझरत मुशीच्या पांढऱ्या मांसावर ओघळलं होतं. मोरीपर्यंत पोहोचायच्या आतच ती भडाभडा ओकली.

आजारी आईला बघायला ती चार दिवस दांड्याला काय गेली, घरात हा उकिरडा झाला. आणि तो कुणी केला हे विचारायची गरजच नव्हती. घरात सेलांशी खेळणारा माणूस एकच, तिचा नवरा एकनाथ.

एकनाथ तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. कंपनीच्या बसने घरी आला की जेवायच्या आधी त्याचा दुसरा कारखाना सुरू व्हायचा. तो रेल्वेची इंजिनं बनवायचा. पत्र्याची, हातभर लांबीची, हुबेहूब डिझेल इंजिनं, खालच्या चाकांपासून वरच्या भोंग्यापर्यंत. अंगणात त्याने त्यांच्यासाठी रूळही टाकले होते. खरं तर अशा इंजिनांना वीज रुळातूनच मिळते, पण मुरब्याची हवा खारी. एका आठवड्यात रूळ गंजायचे, वर सुकत्या बोंबलांचं तेल बसायचं, आणि इंजिन दोन हात चालून ढिम्म उभं राहायचं. म्हणून एकनाथने वीज इंजिनाच्या पोटात भरायचं ठरवलं आणि घरी बॅटरी बांधायला लागला.

नव्या बॅटऱ्या तो घेत नसे. बोईसरच्या भंगारवाल्याकडून मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणायच्या, त्या फोडायच्या, आतले सेल काढायचे, मीटर लावून त्यांतले जिवंत निवडायचे आणि त्यांची मोळी बांधायची, असा उद्योग. फोडायला सुरी दमयंतीची, मासे साफ करायची. सेल मांडायला परात दमयंतीची, भाकऱ्यांची. चार्ज होताना कुठला सेल तापतो ते कळावं म्हणून हा गृहस्थ प्रत्येक सेल गालाला लावून बघायचा, आणि तेच चिकट हात घेऊन भाताच्या टोपात डाव शोधायचा. तिला त्याची शिसारी येई. तरी तिने आजवर सोसलं होतं, कारण दारूपेक्षा हे बरं असं शेजारणी म्हणायच्या आणि तिलाही ते पटायचं. आज मात्र तिला कुणाचंच काही पटलं नसतं.

पिंपातली मुशी, मिठात मुरवलेला छोटा शार्क, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मे महिन्यात डोंगरातली माणसं बोईसरची कामं आटोपून शेतीसाठी गावाला निघतात, तेव्हा पावसात पुरेल असा मासा सोबत नेतात. दमयंती तो मासा स्वतः निवडायची, स्वतः मिठाचे थर द्यायची, आणि एखाद्या तुकड्याची शंका आली तर तो मांजरालासुद्धा घालत नसे. बाजारात तिच्या टोपलीपुढे बसून कुणी मासा उलटापालटा करत नव्हतं. तेवढं एकच तिने आयुष्यात कमावलं होतं आणि ते आता या फेसाखाली बुडलं होतं.

एकनाथ पहिल्या पाळीवरून आला तो थेट इंजिनाकडे. पालघरला हॉलमध्ये हौशी लोकांनी बनवलेल्या छोट्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि त्याचं इंजिन तिथे जाणार होतं. दमयंती पिंपाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी आहे, हे त्याच्या उशिराच लक्षात आलं.

"ह्यां काय हाय?" तिने काठीने मोळी पायऱ्यांवर आपटली.

"अगं, हळू! फुटंल!" त्याचा जीव त्या मोळीसाठी कासावीस झाला, हे तिने बघितलं. "पट्टी चिकटवताना एक सेल उलटा लागला. तापला, फुसफुस कराय लागला, धूर निंगाला. व्हिडिओमदी सांगतात, असा झाला की खाऱ्या पान्यात बुडवायचा. समोर पिंप होता. मंग काय घर जालू?"

"समदा दर्या घराच्या मागं हाय. तुमाला माझाच पिंप दिसला?"

"धूर निंगाला तवा काय सुचतंय?"

"आनी धूर गेल्यावर? चार दिवसांत काडायला नाय सुचला?"

यावर त्याने जे सांगितलं ते ऐकून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. व्हिडिओवाल्याने म्हणे बजावलं होतं की सेल पूर्ण मरेपर्यंत पाण्यातून काढू नये. म्हणून त्याने काढले नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून बुडबुडे थांबले का ते तेवढं बघायचा. सेलांची एवढी काळजी! खाली मुशी आहे, ती माणसांच्या पोटात जाणार आहे, हे त्या व्हिडिओत नव्हतं, त्यामुळे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

"पानी बदल, दोनदा धू, नवा मीठ लाव," एकनाथ इंजिनाचं झाकण उघडत म्हणाला. "आन् कारखान्यांचा पानी खाडीत येतंय ता काय दूध हाय? तेच मासं लोक खातात ना? माझ्या चार सेलांनी काय होनार हाय?"

दमयंती आत गेली. पिंपातला वरचा एक तुकडा तिने धुतला, तव्यावर टाकला, आणि भाकरीशेजारी ताटात वाढून त्याच्यापुढे ठेवला. घरभर तो गोड, घशात अडकणारा वास पसरला.

"खा."

एकनाथने ताटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग ताट बोटाने, अगदी एका बोटाने, लांब सरकवलं.

"आपन कशाला खायचा?" तो म्हणाला. "ह्यो तर इकायचा हाय."

त्याने ते इतक्या सहज म्हटलं की दमयंतीला क्षणभर वाटलं आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. वीस-पंचवीस वर्षं या माणसाच्या ताटात आपण मासा वाढला. निवडून, डोक्याकडचा तुकडा त्याला, शेपटी आपल्याला. तिला त्या सगळ्या जेवणांची किळस आली. त्याच्या चिकट बोटांची, गालाला सेल लावून डोळे मिटायच्या त्या सवयीची, आणि अंगणात लाल-पिवळ्या रंगात चकाकणाऱ्या त्या इंजिनाची तर सगळ्यात जास्त.

"ह्या पिंपातला एक काटा पन घराबाहेर जानार नाय," ती म्हणाली. "खड्डा खना. आत्ता."

एकनाथ उठला नाही. इंजिनाच्या चाकावरची धूळ पुसत बसला. त्याचं ते पुसणं बघून तिच्या मनात पाल चुकचुकली. ती पुन्हा पिंपाजवळ गेली. वरचा थर तिने स्वतः लावला होता, पिंपाच्या काठापर्यंत. आता तो वीतभर खाली होता.

"कुनाला दिला?"

"भागी आलती," तो चाकाकडेच बघत म्हणाला. "गावाला जायची घाई करत व्हती. दिला थोडा."

भागी म्हणजे दमयंतीचं जुनं गिऱ्हाईक. डहाणूकडच्या डोंगरातली वारली बाई; ती आणि तिचा नवरा नवशा, दरवर्षी पावसाळा संपला की बोईसरला येऊन बांधकामावर राबायची. दमयंतीने पायात चपला सरकवल्या, घरातल्या सुक्या बोंबलांची एक मोठी जुडी पिशवीत कोंबली आणि नाक्यावरची रिक्षा धरली. वाटेत कुंभवलीला रिक्षा माणसं भरायला थांबली तेव्हा ती ड्रायव्हरवर अशी खेकसली की बिचारा मुकाट्याने निघाला.

बोईसरच्या चाळीतली भागीची खोली उघडीच होती. गोधड्या, टोप, कळशी, सगळं दोन गाठोड्यांत बांधून झालेलं. नवशा भिंतीला टेकून पोट धरून बसला होता. त्याचे ओठ सुजले होते.

"ये बाय," भागी उठली. "तू कां आली?"

"भागे, मुशी कुठं हाय?"

"ती? आरधी ह्यानं खाल्ली. आरधी बांधली. तिकडं सासू हाय, पोरा हायेत, त्यांना लागंल ना."

"सोड ती. आदी सोड." दमयंती स्वतःच गाठोड्याची गाठ ओढायला लागली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात मुशी होती आणि फडक्यालाही तो गोड वास लागला होता. "ह्याला काय झालाय?"

"काल रातचे ओकतंय. जीब चरचरते बोलतंय. मी बोलली ऊन लागला." भागीने आता तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झाला बाय?"

दमयंतीने सांगितलं. नवरा खेळण्यातली गाडी बनवतो, तिच्या बॅटरीचे सेल त्याने मुशीच्या पिंपात टाकले, त्यांतलं विष माशाला लागलं. एवढं सगळं सांगताना तिला स्वतःच्याच तोंडाची लाज वाटत होती. भागी ऐकत होती. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वास आला व्हता," भागी म्हणाली. "तिथंच आला. मी तुज्या घोवाला इचारला, ह्यो कसला वास? तं तो बोलला, दमयंतीनं नवा मीठ आनलाय, त्याचा वास हाय."

नवशाने पाय पोटाशी ओढले आणि पुन्हा पोट दाबून धरलं.

"मी परत पिंपात ठेवत व्हती," भागी म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा आसता तं नसता घेतला. तुजा नाव सांगला, मंग घेतला. हा पन खात नव्हता, वास येतंय बोलत व्हता. मीच बोलली त्याला, खा, दमयंतीचा हाय."

दमयंतीने बोंबलांची जुडी गाठोड्यात ठेवली आणि फडक्यातली मुशी आपल्या पिशवीत भरली. नवशाला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. ती रिक्षा बघायला रस्त्यावर गेली.