उशिरा फुललेल्या वाफ्याची झारी

मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची, एका बाजूला चेपलेली आणि खरं सांगायचं तर गळकी. मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव करायचीच असेल तर बागेत येऊन फुलांकडे पाठ करणाऱ्यांची करा. ते स्वतःचे फोटो काढतात आणि घरी जाऊन सांगतात, फुलं काय सुंदर होती.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. माझ्या तोंडावरच्या जाळीला भोकं पाडताना तो कुणाशी तरी गप्पा मारत होता. टोचा जरा जोरात बसला आणि एक भोक मोठं झालं. तेव्हापासून माझ्या बारीक सरींमध्ये एक जाड धार वेगळी पडते, टप टप आवाज करत. दुकानात सगळ्यांनी मला नाकारलं. एका बाईने मात्र पाणी ओतून पाहिलं आणि म्हणाली, "असू दे. एखादं झाड जास्त तहानलेलं असतंच की."

ती आमच्या माळीकाकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, म्हणून तिनेच काकांना लहानाचं मोठं केलं. काकांना सार्वजनिक फुलबागेत नोकरी लागली, त्या दिवशी तिने मला त्यांच्या हातात दिलं आणि सोबत कागदाच्या पुडीत आपल्या अंगणातल्या जांभळ्या पिटुनियाचं बी. हे बी तपकिरीसारखं असतं. पेरताना शिंक आली तर अख्खा वाफा उडून जायचा. म्हणून ते बारीक वाळूत कालवून पेरायचं, हेही तिनेच शिकवलं. काका दर मोसमाला बी धरायचे, पुडी बांधायचे, पुढच्या मोसमात पेरायचे. तळ्याकाठचा कोपऱ्यातला वाफा ताईचा होता. हे बागेच्या कुठल्याच नकाशावर नव्हतं, पण आम्हा तिघांना पक्कं ठाऊक होतं.

मला डोळे नाहीत, जाळीची भोकं आहेत. त्यामुळे बाग मला ठिपक्याठिपक्यांनी दिसते. बहराच्या दिवसांत पहाटे तळ्यावर धुकं उतरायचं आणि फुलांचे देठ दिसेनासे व्हायचे. मग नुसते रंगच हवेत तरंगायचे. काका मला तिरकी करायचे, माझ्या सरींतून कोवळं ऊन आरपार जायचं, आणि क्षणभर कळेनासं व्हायचं की मी बागेला पाणी घालतेय की बाग मला स्वप्न घालतेय. शाळेची पोरं रांगेत यायची. एखादी चिमुरडी माझ्या धारेखाली तळवा धरायची आणि खुदकन हसायची. माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच झालं, आणि ते पुष्कळ होतं.

दर बहरात ताई एकदा यायची. वाफ्याच्या कडेला बसायची, पदराने कपाळ टिपायची, आणि "गळकी अजून आहे का रे?" असं विचारत मला थोपटायची. एका वर्षी ती आली, बसली, बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यंदा पिवळी छान उतरलीत, धाकट्या."

वाफा जांभळ्या फुलांनी भरला होता. त्यात औषधालाही पिवळं फूल नव्हतं.

काका म्हणाले, "हो ताई." बस्स, एवढंच. त्या दुपारी त्यांनी मला नळाखाली धरलं आणि पाणी काठावरून वाहून पायावर आलं तरी नळ बंद केला नाही.

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. भावाला काळजी नको म्हणून तिने सांगितलं नव्हतं. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि ऑपरेशनचा दिवस ठरला तो नेमका पुढच्या बहराच्या तोंडावर. नंतर महिनाभर धूळ नको, ऊन नको, वाकायचं नाही. म्हणजे ताईला दिसू लागणार आणि बागेत यायला मिळणार, तोवर पिटुनियाचा बहर ओसरलेला असणार.

तेव्हा काकांनी एक गोष्ट केली. पिटुनियाचे शेंडे रोप लहान असताना एकदा खुडतात, म्हणजे ते भरगच्च होतं. काकांनी ते दुसऱ्यांदा खुडले, अगदी कळ्या धरायच्या बेतात असताना. शेंडा खुडला की रोप पुन्हा फुटवे काढतं आणि फूल दोन-तीन आठवडे मागे पडतं. वाफा सरकारी होता आणि थांबवला घरच्या माणसासाठी. चूकच ती. मी चुकीला चूकच म्हणते. पण या बागेत मी चुका करणारे खूप पाहिले, आणि त्यांतला कुणाचं तरी भलं चिंतून चुकणारा हा एकच.

बहराच्या उद्घाटनाला दोन दिवस उरले तेव्हा बागेचे साहेब पाहणीला आले. सगळी बाग रंगात न्हालेली, आणि तळ्याकाठी हा एक हिरवा चौकोन.

"हा वाफा अजून झोपलाय का?"

काका म्हणाले, थंडी लांबली, पंधरा दिवस द्या.

"मग उद्घाटन तुमच्या रोपांना विचारून ठेवू का? उपटा हे. संध्याकाळी भाड्याच्या कुंड्या येतील."

ज्यांनी आयुष्यात एक बी पेरलेलं नसतं, त्यांना उपटण्याची घाई फार. संध्याकाळी कुंड्या आल्या. काकांनी खुरपं हातात घेतलं, पहिल्या रोपाजवळ टेकवलं आणि तसंच ठेवलं. मग त्यांनी रोपांच्या दोन ओळींमध्ये खड्डे घेतले आणि एकेक कुंडी काठापर्यंत मातीत पुरली. कुंड्यांतली तयार फुलं वर, आपली बुटकी रोपं खाली, दबलेली. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. साहेब त्याच वाफ्यात पाय ठेवून हसत उभे राहिले. त्यांच्या बुटाखाली ताईची चार रोपं होती.

आठवड्याने कुंड्या परत गेल्या. साहेब त्यानंतर बागेत फिरकलेच नाहीत. एक ओळ मेली होती. उरलेल्यांना काकांनी सकाळ-संध्याकाळ माझ्यातून पाणी दिलं, आणि जे रोप जास्त मोडलं होतं त्याच्यावर माझं मोठं भोक वळवलं.

ताई आली तेव्हा बागेतली गर्दी ओसरली होती. बाकीचे वाफे सुकत चालले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात छत्री. तिने चष्मा काढला. तळ्यावरून वारा आला आणि अख्खा वाफा एकदम हलला, जणू कूस बदलली.

ती वाफ्याच्या अगदी कडेला आली. मग म्हणाली, "जांभळी आहेत की रे." आणि थोड्या वेळाने, "मागच्या वर्षी पण जांभळीच होती?"

"होती."

"मग बोलला का नाहीस?"

काका माझ्या कडीवरचा गंज नखाने खरवडत राहिले. "तू पिवळी म्हणालीस ना ताई. मग मलाही पिवळीच दिसली."

ताईने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालत असेल तसा. मग माझ्यातलं उरलेलं पाणी तिने स्वतः वाफ्याला घातलं, अजून काही दिवस वाकू नको असं सांगितलं होतं तरी.

आता काका निवृत्त झालेत. पाणी नळ्यांतून आपोआप उडतं. मी पंपाच्या खोलीमागे पडलेय आणि माझ्या पोटात लोक वेफर्सची रिकामी पाकिटं टाकतात. मित्रांनो, तुम्ही बागेत याल तेव्हा बहरलेले वाफे बघाच. पण एखादा हिरवा राहिलेला दिसला तर त्याला आळशी म्हणू नका. तो कुणासाठी थांबलाय, तुम्हाला काय ठाऊक?

आणि कुणाच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर काम झाल्यावर तिला उपडी ठेवा. पाणी साचलं की पत्रा आतून कुजतो. तेवढं केलंत तरी ती तुमच्यापेक्षा जास्त वसंत बघेल.