गिरजाबाईची अट

चिखल्याच्या खाणीवर काढलेल्या वर्षांची आठवण निघाली, की निर्मलाबाईला आधी तिचा कुत्रा, भुऱ्या आठवायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की तो तिच्या नवऱ्याच्या, तेजरामच्या पुढं पुढं कॉलनीच्या टोकापर्यंत जायचा आणि परतून तिच्या चुलीजवळ अंग टाकायचा. खाणीच्या काळ्या धुळीनं त्याचे पाय मोजे घातल्यासारखे दिसायचे.

भुऱ्या मिळाला तो तिच्या माहेरी, सानगडीला, चौऱ्याहत्तर साली. तिथं तलावाच्या पाळीखाली गिरजाबाई एकटीच राहायची. लोकांनी टाकून दिलेली, गाडीखाली आलेली कुत्री तिच्या आवारात यायची. राईस मिलमधून मागून आणलेल्या कण्या शिजवून ती सगळ्यांना घालायची. कुणी पिल्लू मागितलं तर द्यायचीही. पण एक अट असायची.

"पोसनं नाई झालं तं मलेच आनून देजो. परस्पर दुसऱ्याले देऊ नोको."

निर्मलानं "हाव" म्हटलं होतं.

आठ वर्षांनी तेजरामची दूरच्या खाणीवर बदली झाली. तिकडच्या घरमालकानं आधीच बजावलं होतं, कुत्रं चालणार नाही. शेजारचा कवडू तर वाटच पाहत होता.

"वहिनी, भुऱ्याले माह्याजवळच राहू द्या ना. असाही अर्धा दिवस माह्याच घरी रायते."

निर्मलाच्या मनात तेच होतं, पण जीभ रेटेना. तेजराम वैतागला. "त्या बुढीले याद तरी असन काय?"

"तिले नसन. मले हाये ना!"

एसटीत कुत्र्याला कोण घेणार? मग साकोलीकडं निघालेल्या एका ट्रकवाल्याची विनवणी करून ती भुऱ्यासकट माहेरी पोचली. गिरजाबाई आता पार वाकली होती. तिनं भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही न विचारता त्याला ठेवून घेतलं. तेजराम नवं घर लावेपर्यंत निर्मला सानगडीतच राहणार होती.

भुऱ्यानं मात्र अन्नाला तोंड लावलं नाही. तलावाच्या पाळीवर बसून तो रस्त्याकडं बघत राहायचा. निर्मलानं भरवलं तर दोन घास खायचा, बस्स. शेवटी गिरजाबाईनं तिला बोलावून घेतलं.

"तिकडं याले कोन जीव लावे?"

"कवडूभाऊ."

"मंग त्यालेच काहून नाई देल्लं?"

"मावशी, तुमीच तं म्हनलं होतं!"

"म्हनलं होतं. परस्पर नोको म्हनलं. एक पिल्लू असंच ह्या हातातून त्या हातात गेलं, व बाई. शेवटचे लोक घर सोडून गेले अन् त्याले दाव्यालेच बांधून ठेवलं. मले कळलं तवा कायी उरलं नोतं. बोलाव त्या कवडूले. मले त्याले पाऊ दे."

ट्रकवाल्याकडून निरोप गेला आणि सुट्टीच्या दिवशी कवडू आला. धुतलेला सदरा घालून आला होता, सोयरिकीला आल्यासारखा. गिरजाबाईनं त्याला समोर बसवलं.

"तू खदानीत गेल्यावर याले कोन पायते?"

"बायको हाये ना घरी, ललिता."

"खाले काय देशीन?"

"आमी खातो तेच."

"अन् तुही बदली झाली तं?"

कवडूनं निर्मलाकडं पाहिलं. "तं तुमच्याकडंच आनीन, माय."

तेवढ्यात त्याचा आवाज ऐकून भुऱ्या पाळीवरून धावत सुटला. येऊन त्याच्या पायांत लोळला, धोतर ओढलं, केविलवाणं ओरडला. निर्मला कौतुकानं हसली. आठ वर्षं भात तिनं घातला होता. त्याचं मन कुठं गुंतलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गिरजाबाईनं स्वतः भुऱ्याच्या गळ्यातली दोरी कवडूच्या हातात दिली.

पुढं दोन वर्षांनी एका लग्नासाठी निर्मलाबाई चिखल्याला गेली. भुऱ्या म्हातारा झाला होता, तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं तिला लगेच ओळखलं. ललिताच्या अंगणात दुपारभर तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला, आणि ती त्याचे कान कुरवाळत बायकांशी जुन्या दिवसांच्या गोष्टी बोलत बसली. संध्याकाळी कवडू खाणीवरून आला. भुऱ्या हळूच उठला आणि त्याच्याकडं गेला. तिला वाईट वाटलं नाही. मांडी मात्र बराच वेळ उबदार राहिली.