नाकांना घातलेली टोपडी

बोलायला मला तोंड नाही. एक भोंगा आहे, पण तो संकटातच वाजवायचा असा दंडक आहे. चार लाल आकड्यांची पाटी आहे, पण तिच्यावर गप्पा मारता येत नाहीत. तरी आज बोलणार आहे, कारण उद्या मी नसेन. कोंबडीच्या पिल्लांच्या शेडला लागून जी बाहेरची खोली आहे ना, तिथे दाराशेजारच्या भिंतीवर एक पिवळट पडलेला डबा दिसतो. तो मी. कागदोपत्री माझं नाव हवामान नियंत्रक. घरात त्या नावानं मला कुणी एकदा तरी हाक मारली असेल तर शपथ! सगळे 'डबा'च म्हणतात.

काम माझं साधं. शेडमध्ये माझे दोन सेन्सर छतापासून तारेनं लोंबतात. त्यांना हवा गार लागली की मी हीटर लावतो, गरम लागली की पंखे. माझ्या पोटात 'टक्' असा आवाज होतो आणि तिकडे पंखा फिरायला लागतो. तुम्हाला यात काय विशेष वाटणार म्हणा! पण नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही. भोवतालची हवा हेच त्याचं पांघरूण. ते जरा सरकलं तरी पिल्लाच्या जिवावर बेततं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या शेवटच्या टेबलावर एक मुलगी बसायची. तिने माझा सेन्सर मुठीत धरला आणि पाटीकडे बघत राहिली. आकडा सरसर चढला. "चला, जिवंत आहे," असं म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातलं. जगातली पहिली ऊब मला त्या मुठीतून कळली. ती मुलगी पुन्हा काही दिसली नाही.

या घरात मला आणलं ते थोरलीनं. थोरली म्हणजे आबांची मोठी मुलगी, शेडचा सगळा कारभार बघणारी. आबांनी मला खोक्यातून निघताना पाहिलं आणि भडकलेच. "आता हे डबडं मला सांगणार, पिल्लांना थंडी वाजते की नाही ते! कानामागून आलं आणि तिखट झालं!"

थोरलीनं रिकामं खोकं उचलून बाजूला ठेवलं. या रागाचं कारण तिला ठाऊक होतं, आबांनाही ठाऊक होतं. आयुष्यभर आबा शेडमध्ये उकिडवे बसायचे, खाली पसरलेल्या भुशाला हात लावायचे आणि सांगायचे, हीटर वाढव, नाहीतर कमी कर. मग ते आजारी पडले. दुखण्यातून उठले, पण बोटांतली जाणीव काही परत आली नाही. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हिवाळ्यात एकदा हीटर विझला, आबांनी भुशाला हात लावला आणि म्हणाले, "छान ऊब आहे." सकाळी कोपऱ्यात पिल्लांचा गार पडलेला ढीग होता.

तेव्हापासून आबांनी शेडच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. थोरलीला एकदाच म्हणाले, "पिल्लांची पुढची खेप नीट वाढली तर ठीक. याही वेळी मेली तर शेडला कुलूप लाव. या घरात आणखी पाप नको." थोरलीनं मला आणलं ते शेड चालू राहावी म्हणून आणि आबांच्या जिवाला घोर नको म्हणून. आबांना मात्र वाटलं, आपल्याला निवृत्त करून आपल्या जागी डबा आणला. बाप-लेकीचं असंच असतं, एकमेकांसाठी करतात आणि एकमेकांना सांगत नाहीत.

मला बसवायला आला तो वायरमन. सगळे त्याला सबुरी म्हणतात, कारण दर वाक्याला तो "सबुरी, सबुरी" म्हणतो. चांगला माणूस, पण स्क्रू एक पिळायचा आणि चहा दोन कप. थोरली म्हणाली, "आतच लावा, पिल्लांजवळ." तो म्हणाला, "सबुरी, ताई! आतली धूळ आणि विष्ठेची वाफ याचं काळीज पोखरेल. डबा बाहेर, फक्त सेन्सर आत." तारा आत घ्यायला त्यानं माझ्या बुडाला भोकं पाडली. "डोक्यावर भोक पाडलं की पाणी शिरतं. माणसाचंही तसंच आहे म्हणा!" आणि स्वतःच हसला.

सेन्सरच्या बारीक तारा त्यानं पंख्यांच्या जाड तारांपासून लांब, वेगळ्या पाइपातून नेल्या. "जाड तारेच्या शेजारी राहिली की हिला भलतंच ऐकू येतं." शेवटी माझ्या बाजूला एक मोठं बटण बसवलं. एका बाजूला लिहिलं 'आपोआप', दुसऱ्या बाजूला 'हाताने'. "यंत्र आहे, उद्या डोकं फिरलं तर?" मला राग आला. माझं कशाला डोकं फिरेल!

मग सबुरीनं आतून विचारलं, "सेन्सर किती उंचीवर टांगू? माझ्या डोळ्यांसमोर ठेवू का, बघायला बरं पडेल?"

बाहेर स्टुलावरून आबा ओरडले, "तुझ्या डोळ्यांना थंडी वाजते का रे? पिल्लाच्या पाठीइतका खाली घे! आणि कप्पी लाव, पिल्लं वाढली की वर उचलायला!" बोलून गेले आणि तोंड फिरवून बसले. थोरली गालात हसली. त्या दिवशी मला कळलं, हा माणूस माझा वैरी नाही.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे आत्या, आबांची बहीण. आत्यांना उघडी वस्तू बघवत नाही. मिक्सरला कव्हर, रेडिओला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिक फाटू नये म्हणून त्यावर कापडी पिशवी. मला पहिल्याच दिवशी झालरीचा पडदा मिळाला. मग त्यांची नजर गेली आतल्या सेन्सरांवर.

"अगं बाई! एवढ्या धुळीत ही नाकं उघडी? आणि म्हणे थंडी ओळखणार! आधी यांनाच सर्दी व्हायची."

दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही नाकांवर लोकरीची टोपडी होती. करड्या रंगाची, वर नाडी, अगदी तान्ह्या बाळाला घालतात तशी. थोरलीनं पाहिली, हसली, आणि म्हणाली, "असू दे. आत्याचं मन कशाला मोडा!" टोपडी कोरडी होती तोवर फारसं बिघडलं नाही. मला सगळं जरा उशिरा कळायचं, एवढंच. खरं सांगू? माझ्यासाठी कुणी मुद्दाम विणतं याचं मला कौतुकच वाटायचं.

पिल्लं आली. पिवळी, हातात मावणारी, दिवसभर चिवचिव. सगळे डोळ्यांत तेल घालून बघत होते. आबा सोडून. ते बाहेर बसून नुसतं ऐकत होते.

आणि एके सकाळी आत्यांना टोपडी मळकी दिसली. त्यांनी ती काढली, स्वच्छ धुतली आणि उन्हात टाकली. ऊन कसलं, थंडीतलं पांढरं ऊन! दुपार झाली तरी लोकर ओलीच. पण नाकं उघडी कशी ठेवायची? "अंगावरच वाळतील," म्हणाल्या, आणि तशीच घालून गेल्या.

ओल्या कपड्यांत उभं राहिलं की उन्हातही हुडहुडी भरते ना? माझं तेच झालं. शेडमधली हवा चांगली उबदार होती, पण मला गारठा वाटायला लागला. मी हीटर लावला. तरी गारठा. मी हीटर लावूनच ठेवला. मी काही चूक करतोय असं मला वाटलंच नाही, उलट मी जीव तोडून पिल्लांना वाचवत होतो!

थोरली बाहेर माझ्या पाटीकडे बघत होती. "गारठा आहे वाटतं. बरं झालं, हीटर चालू आहे."

स्टुलावर आबांनी मान वर केली. "थोरले, ऐक."

"काय? काहीच तर ऐकू येत नाहीये."

"तेच म्हणतोय. गारठलेलं पिल्लू गप्प बसत नाही, ओरडून शेड डोक्यावर घेतं. गप्प पडतं ते उकडल्यावर."

"आबा, आकडा बघा ना. झोपली असतील."

आबांनी आकडा पाहिला. मग स्वतःचे हात पाहिले. त्यांचा चेहरा कसा झाला होता, मला सांगवत नाही. "मागच्या खेपेला मीच म्हणालो होतो, छान ऊब आहे," ते पुटपुटले. मला वाटलं, बसतील परत. पण ते उठले. भिंतीला धरून बूट चढवले आणि इतक्या महिन्यांनी शेडच्या आत गेले.

आत गेल्यावर त्यांनी हात लावलाच नाही. गुडघ्यावर बसले, वाकले आणि गाल भुशाजवळ नेला. पिल्लं भिंतींना चिकटली होती, पंख पसरून, चोची उघड्या टाकून धापा टाकत.

"थोरले! बटण 'हाताने' कर! हीटर बंद, पंखे लाव!"

थोरलीचा हात बटणावर गेला आणि थांबला. समोर माझा आकडा होता, गार म्हणणारा. आत बाप होता, एकदा चुकलेला. तिनं डोळे मिटले आणि बटण फिरवलं.

पंखे फिरले. ओल्या लोकरीला वारा लागला आणि मला तर कापरंच भरलं! आकडा धडाधड उतरायला लागला. मी भोंगा वाजवला, कोकलून कोकलून वाजवला. पिल्लं मरतील, ऐका माझं!

"आबा, आकडा उतरतोय!" थोरली रडकुंडीला आली होती.

"उतरू दे! पंखे बंद करशील तर बघ!" आबांनी तार धरून माझं एक नाक हातात घेतलं. बोटांनी चाचपलं. बोटांना काही कळेना. मग त्यांनी टोपडं गालाला लावलं, आणि लहान मुलासारखे ओरडले, "अगं, हे तर ओलंचिंब आहे!"

टोपडी ओढून काढल्याबरोबर माझे डोळे उघडले. आकडा वर, वर, आणखी वर. बाप रे, काय उकाडा होता आत! माझा भोंगा एकदम बंद झाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, थोडी पिल्लं गेलीच. पण पंख्यांनी हवा निवली तसा बाकीचा सगळा थवा हळूहळू भिंती सोडून मधे आला आणि पुन्हा चिवचिवायला लागला. तो आवाज ऐकून आबा भुशातच बसून रडले.

आत्यांनी तर कपाळच बडवून घेतलं. "मी मेलीनं टोपडी घातली आणि लेकरांच्या जिवावर उठले!" आबा म्हणाले, "गप गं. विणलीस ती मायेनंच. आता माझ्यासाठी हातमोजे विण, ओले झाले तरी मला काय कळतंय!" आजारानंतर आबांनी स्वतःच्या हातांबद्दल पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, आणि तेही थट्टेनं.

मग ते उठले, कप्पीनं माझं उघडं नाक वर घेतलं आणि मुठीत धरलं. "बघ गं, शुद्धीवर आलं का नीट." थोरली बाहेर माझ्यासमोर उभी. आकडा सरसर चढला.

"चढतोय, आबा!"

"माझ्या हातानं?"

"मग काय! चांगला गरम आहे तुमचा हात."

आबांनी मूठ सोडलीच नाही. बोटं बधिर झाली तेव्हापासून त्यांना वाटत होतं, हात मेला. तो मेला नव्हता. त्याची ऊब त्यांना कळत नव्हती, पण मला कळत होती. "आकडा तू बघ," ते थोरलीला म्हणाले, "आवाज मी ऐकतो." शेडला कुलूप लावायची गोष्ट नंतर कुणी काढली नाही.

त्याला आता वर्षं झाली. कित्येक खेपा आल्या, वाढल्या, गेल्या. सबुरीनं मला बाहेर लावलं तरी वाफ पोचायची तिथे पोचलीच. माझ्या आकड्यांच्या कांड्या विझल्यात, आठाचा तीन दिसतो, 'टक्' करायला दोनदा जोर लावावा लागतो. उद्या सबुरी माझ्या जागी नवा डबा लावणार आहे. आत्यांनी त्यासाठी झालरीचा पडदा शिवून तयार ठेवलाय. टोपडी नाही विणलेली, मी खात्री करून घेतलीय.

नव्या डब्यासाठी मला एकच निरोप ठेवायचाय. आबा आता काठीनं चालतात, पण रोज सकाळी शेडमध्ये येतात, दाराजवळचं नाक कप्पीनं वर घेतात आणि मुठीत धरून जरा वेळ उभे राहतात. आकडा चढतो. तो बघून थोरली बाहेरूनच हाक मारते, "आलात का, आबा?"

तेव्हा बाबा रे, तुझा आकडा असा सकाळी सकाळी चढला तर पंखे लावायची घाई करू नकोस. हवा तापलेली नसते. आबा आलेले असतात.