मालाच्या गाडीतली मागची सीट

दारात नवी गाडी यायची म्हटलं की घरात आधी आनंद येतो आणि त्याच्या मागोमाग प्रश्न येतो, कराचं काय? सोफे शिवणाऱ्या त्या गृहस्थांच्या घरीही तेच झालं. सगळा बाजार त्यांना ‘सोफेवाले’ म्हणे. माणसं नेणाऱ्या गाडीवर कर जास्त, विमाही महाग. तीच गाडी दुकानाचा माल नेणारी म्हणून नोंदवली की दोन्ही उतरतात. अट एकच होती. मागे सीट आणि सीटचे पट्टे असता कामा नयेत.

“एवढंच ना?” म्हणत सोफेवाल्यांनी तपासणीच्या दिवशी सीट काढून दुकानात ठेवली. कागदावर ‘मालवाहू’ असा शिक्का बसला आणि संध्याकाळी सीट पुन्हा गाडीत! पट्ट्यांच्या जागा मात्र तपासणीसाठी बुजवाव्या लागल्या होत्या. ती उणीव दिसू नये म्हणून त्यांनी सीटला सुरेख निळं कापड चढवलं.

गाडीचा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला पाय दुमडता येत नसे. पुढची सीट आडवी पाडायची, तिच्यावर पाय लांब करायचा आणि मागे बसून व्यायामासाठी दवाखान्यात जायचं.

“कशी काय बैठक?” पहिल्याच दिवशी सोफेवाल्यांनी विचारलं.

“राणीसारखी. फक्त राणी जरा डुगडुगते.”

“नवं आहे गं, बसेल जागेवर.”

सीट काही जागेवर बसली नाही. एका वळणावर पुढची गाडी अचानक थांबली. सोफेवाल्यांनी कचकन ब्रेक दाबला आणि बायकोसकट सीट पुढे घसरली. ऑपरेशनचा पाय दाणकन आपटला! ती ओरडली नाही, नुसती ओठ चावून बसली. सोफेवाल्यांना ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

डॉक्टरांनी पाय तपासला. थोडक्यात निभावलं होतं. घरी आल्यावर सोफेवाले पाना शोधू लागले.

“आणखी दोन बोल्ट मारतो. हत्ती बसला तरी हलणार नाही.”

“हत्तीला राहू द्या. आज माझा पाय मोडला असता, तर विमावाल्यांना काय सांगितलं असतंत? कापडाचा तागा चुरगळला म्हणून?”

सोफेवाले हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच थांबलं.

“अगं, सगळेच करतात. औषधवाला, छापखानेवाला…”

“दुसऱ्यानं केली की चोरी आणि आपण केली की काटकसर, होय ना? अहो, ही सवलत ज्याला खरंच माल वाहायचाय त्याच्यासाठी आहे. आणि ज्या सरकारी दवाखान्यानं मला उभं केलं, तो काय वाऱ्यावर चालतो? आपल्यासारख्यांच्या करावरच चालतो.”

“मी हे तुझ्यासाठीच केलं गं.”

“ठाऊक आहे मला,” ती हळूच म्हणाली. “म्हणूनच तर राग येत नाही, भीती वाटते. एवढ्या मायेनं तुम्ही मला बिनपट्ट्याच्या सीटवर बसवलंत!”

सोफेवाल्यांच्या हातातला पाना खाली आला. अरे, आपण हे काय करून बसलो! गिऱ्हाइकाच्या खुर्चीची तार सैल राहिली तर ज्यांना झोप लागत नसे, त्यांनी घरच्या माणसाला नुसत्या कापडाच्या भरवशावर रस्त्यावर आणलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ते नोंदणी कचेरीत गेले. सगळं ऐकून कारकुनानं चष्मा वर केला. “काका, सीट काढून येणारे रोज येतात. सीट दाखवायला आलेले तुम्ही पहिलेच!”

दंड भरला, कराचा फरक भरला, विमा बदलला. गाडीच्या कारखान्यातल्या माणसांनी पट्टे आणि सीट पक्की बसवली. तोवर बायको भाड्याच्या टॅक्सीनं दवाखान्यात जात राहिली आणि सोफेवाले पिशवी धरून शेजारी बसत राहिले.

गाडी परत आली, तेव्हा त्यांनी स्वतः बायकोचा पट्टा लावला. “आता तू कागदावरही माणूस आहेस,” ते म्हणाले.

“चला, एवढ्या वर्षांनी कळलं म्हणायचं!” ती म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून तिनं हळूच डोळे टिपले.

वाचकहो, खोट्या नोंदणीनं आपण सरकारला फसवतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपल्याच माणसाला आपण मालाच्या यादीत टाकतो. मागच्या सीटवर बसून आपल्याशी बोलणारं माणूस जन्मभर तिथे बसणार नसतं. ते आहे तोवर त्याला नीट, माणूस म्हणूनच न्यावं.