गळालेली वेलांटी

मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या बुडाला भोक आहे. हसू नका! या भोकानंच मला वाचवलं.

तांबटानं ठोकून ठोकून मला घडवलं, दोन्ही बाजूंना कड्या लावल्या आणि रंजनाबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या आंदणात दिलं. तेव्हापासून मी शहादा तालुक्यातल्या या तापीकाठच्या घरी आहे. दिवाळीची आंघोळ माझ्याच पाण्यानं. रंजनाबाईंच्या मुलाला, भावेशला पहिल्यांदा न्हाऊ घातलं तेही माझ्यातच. त्यानं तेव्हा माझ्यात काय केलं, ते सांगत नाही. आता तो केळीचा मोठा बागायतदार आहे, त्याचीही अब्रू आहे.

पुढे गिझर आला, प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. मी म्हशीची सरकी भिजवू लागलो. काळवंडलो, पोचे पडले. तरी मी खचलो नाही. तांबं आहे, गंजून थोडंच जाणार!

यंदा भावेशनं मोरी नव्यानं बांधायला काढली. आमच्याकडे न्हाणीघराला मोरी म्हणतात. त्यानं सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"शेठ, मोरीनी टाइल धाडा. निळी-हिरवी, एकदम भारी!"

"मोरनी? मळी जशे!" शेठ म्हणाला, म्हणजे मिळून जाईल.

मित्रांनो, आमच्या अहिराणीत 'मोरीनी' म्हणजे मोरीची. शेठच्या गुजरातीत 'मोरनी' म्हणजे मोराची! खोकी उघडली, तर प्रत्येक टाइलवर पिसारा फुलवलेला मोर. भावेशनं कपाळावर हात मारून घेतला. माल परत घ्यायला शेठ तयार नव्हता. शेवटी मोर तर मोर, असं ठरलं.

त्याच दिवशी घरातली अडगळ ओट्यावर निघाली. तिच्यात मीही होतो. दुसऱ्या दिवशी मोडवाला भंगार न्यायला येणार होता.

"माय, हाई घंगाळबी दी टाकू ना?" भावेशनं विचारलं.

"घर तुन्हं शे, भाऊ," रंजनाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. भट्टीत वितळायचं म्हणजे पुन्हा त्यांच्या हाताला लागायचं नाही.

टाइल बसवायला शहाद्याचे मेहबूबभाई आले होते. भिंतीला लावण्याआधी टाइल पाण्यात भिजवावी लागते. भांडं शोधता शोधता त्यांना मी दिसलो. त्यांनी मला घासलं, पाणी भरलं आणि पहिली टाइल माझ्यात सोडली. ते तसेच उकिडवे बसून बघत राहिले.

"भावेशभाई, अठे या! तुम्ही आणेल पांढरं बेसिन या मोरस्मा बगळासारखं दिसी. हाई घंगाळच बेसिन करा!"

भावेश खूश झाला. पण बेसिन म्हटलं की पाणी जायला भोक हवं. ते ऐकून रंजनाबाई धावत बाहेर आल्या.

"बुडले भोक पाडश्यात? मन्हा बापनं दिन्हेलं शे ते!"

"माय," मेहबूबभाई म्हणाले, "पोरना कान टोचतस तवय पोर रडस. पण मंग बाळी शोभस ना?"

रंजनाबाईंनी माझ्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मंग हळू टोच रे भाऊ."

दुखलं, खोटं कशाला बोलू? पण आता मी काळ्या दगडाच्या ओट्यावर दिमाखात बसलोय. कड्यांना टॉवेल लटकतात, आजूबाजूला मोर नाचतात. नवापूरचे पाहुणे बसायच्या आधी मोरी बघायला येतात. भावेश "आयडिया मन्हीच!" म्हणून छाती फुगवतो. फुगवू दे!

काम संपलं त्या सकाळी रंजनाबाई एकट्याच आत आल्या. नळ सोडला, माझ्या भोकावर तळहात दाबून धरला. मी काठोकाठ भरलो.

"धरस ना रे, अजूनबी पाणी धरस," त्या म्हणाल्या. दर आठवड्याला त्या मला चिंच-मीठ लावून घासतात, अगदी नव्या नवरीच्या हौसेनं.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा चिंचेनं घासून बघा. आणि फोनवर शब्द नीट उच्चारा, असंही सांगणार होतो. पण राहू द्या. एक वेलांटी गळाली, म्हणून तर या तांब्याचं सोनं झालं!