दोन पिंपळगावं, एकच खण

मित्रांनो, मी एक जुनी कॅश आहे, म्हणजे संगणकाची हाताशी ठेवलेली आठवण. मला रंग नाही, रूप नाही. डेटाबेस माझा थोरला भाऊ. तो तक्त्यांत सगळं नीट लिहून ठेवतो, पण शोधायला वेळ लावतो. म्हणून त्याने एकदा दिलेलं उत्तर मी माझ्या खणात ठेवते आणि पुन्हा कोणी विचारलं की पापणी लवायच्या आत देते.

परभणीच्या अर्पिताताईंनी मला एका अ‍ॅपला जोडलं. कोणत्या दवाखान्यात साप चावल्यावरचं इंजेक्शन किती शिल्लक आहे, एवढंच ते सांगे. उत्तरं भराभर येऊ लागली, माझं कौतुक झालं. पण ताईंनी प्रत्येक खणावर नुसतं गावाचं नाव घातलं होतं. आमच्याकडे पिंपळगावं दोन. एक माळावरचं, एक नदीकाठचं. भाऊ त्यांना क्रमांकाने वेगळं ओळखे. माझ्याकडे दोघांना मिळून एकच खण.

एका सकाळी कोणीतरी नदीकाठच्या पिंपळगावाचं विचारलं. भाऊ म्हणाला, पाच इंजेक्शनं. मी ते ठेवून घेतलं.

दुपारी कापूस वेचताना छबूबाईला साप चावला. नवरा वैजीनाथ आणि शेजारी गोपाळ तिला मोटारसायकलवर मधे बसवून जिंतूरला निघाले. फाट्यावर गोपाळने मोबाईल काढला.

"माळाच्या पिंपळगावात पाच दाखवायलाय. जिंतूरपेक्षा जवळ हाय. वळवू का?"

"वळीव," वैजीनाथ म्हणाला.

"ओटीतला कापूस सांडायलाय," छबूबाई पुटपुटली.

"सांडू दे. तू डोळे मिटू नको."

दवाखान्याच्या दारातच मंजुषा सिस्टर थबकल्या. "मामा, इथलं आठ दिवसांखालीच संपलंय. सरळ जिंतूरला का न्हाई गेलात?"

"मोबाईल हाय म्हनला."

जिंतूरच्या वाटेवरच छबूबाईचा जीव गेला. भावाच्या तक्त्यात माळाच्या पिंपळगावापुढे शून्यच होतं. त्याला कोणी विचारलंच नाही. नदीकाठचं सकाळचं पाच घेऊन मी आडवी आले होते.

अर्पिताताई वैजीनाथच्या दारी गेल्या. "काका, चूक माझी आहे. दोन्ही गावांची नोंद मी एकाच नावाखाली ठेवली."

वैजीनाथ म्हणाला, "आमच्यात लेकरूबी इचारतंय, कोणतं पिंपळगाव. तुमी न्हाई इचारलं."

त्याच दिवशी ताईंनी माझे सगळे खण रिकामे केले. आता प्रत्येकावर दवाखान्याचा क्रमांक असतो.

मित्रांनो, मला खरंखोटं कळत नाही. खणात जे असेल ते मी खऱ्याच्याच आवाजात सांगते. म्हणून नाव पुरतं लिहा. आणि जिथे कोणाचा जीव टांगलेला असेल, तिथे मला बाजूला सारून भावालाच विचारा. तो उशीर लावील. लावू द्या.